रस्ता तिथे एसटी

नाशिकच्या मावसभावाने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "एसटी कायम तोट्यात. विकून टाका आणि समृद्धीसारखे आणखी दोन महामार्ग बांधा. अमेरिकेत कुठे आहे सरकारी एसटी?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. साक्ष माझ्या अंगणातली काढली आहे, तर बोलायलाच हवं.

खरंच नाही. टेक्सासात राज्य सरकारची एसटी नाही. ह्यूस्टन ते डॅलस सुमारे ३८५ किलोमीटर. त्या मार्गावर ग्रेहाउंड आहे, फ्लिक्सबस आहे, अशा खासगी बस आहेत, पण हायवे सोडून आत वसलेल्या गावांकडे बहुधा कोणी फिरकत नाही. डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधलं आर्लिंग्टन जवळजवळ चार लाख वस्तीचं, तरी तिथे ठरलेल्या मार्गाने धावणारी सिटी बस नाही. ॲपवर व्हॅन बोलवायची.

आणि रस्ते? आमचा केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद झाला. फ्रंटेज रोड, म्हणजे कडेचे सर्व्हिस रोड, धरून काही ठिकाणी सव्वीस लेन. त्यासाठी शेजारचे जुने रेल्वेरूळही काढले. काही वर्षांत संध्याकाळची कोंडी पुन्हा होती तिथेच. याचं मूळ कायद्यात आहे. इथल्या राज्यघटनेनुसार पेट्रोलवरच्या राज्य कराचा चौथा हिस्सा शाळांना जातो, बाकीचा फक्त रस्त्यांना. बससाठी त्यातून काही सुटत नाही. भावाला नेमकं हेच महाराष्ट्रात आणायचं आहे. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, उत्तम आहे, पण त्यावर दुचाकीलाही मनाई आहे. ज्याच्या दारात मोटार नाही, त्याने त्या रस्त्याचं काय करायचं?

आई उन्हाळ्यात इकडे आली होती. संगमनेरला ती मनात आलं की स्टँडवर जाते, अर्धं तिकीट काढते आणि नाशिकला मावशीकडे पोचते. त्याच भावाच्या घरी! इथे साध्या लायब्ररीत जायचं तरी मी ऑफिसातून येईपर्यंत थांबायचं. पार्क अँड राइडची बस आहे, पण ती नोकरदारांना डाउनटाउनला नेणारी, आणि तिच्यापर्यंत पोचायलाही गाडीच लागते. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई माझ्या घरात परावलंबी झाली, हे मला अजून सहन होत नाही.

"तू मजेत मोटार फिरवतोस आणि आम्हाला एसटीचं प्रेम शिकवतोस," असं तो म्हणेल. मोकळ्या केटी फ्रीवेवर गाडी चालवायला मला मनापासून आवडतं, ते मी लपवत नाही. पण इथे माझं असणं त्या स्टिअरिंगवर टिकून आहे. हात थरथरायला लागले, नजर गेली, की केटीत मी मुलांच्या सवडीवर जगणारा माणूस. म्हातारपणी संगमनेरला परतायचा विचार त्यामुळेच डोक्यातून जात नाही. तिथे पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे. पोरींना शाळेसाठी मोफत पास आहे. तोट्याचा हिशेब मांडताना भावाने हेही त्यात धरावं, आणि एसटी विकायची भाषा करण्याआधी मावशीला विचारावं की तिची बहीण मग कशाने येणार.