पंपाचा आकडा म्हणजे भूजलाची आवक नव्हे

‘भूमिगत कोळसा खाणीत किती भूजल येतं हे कळायला पंपांचं मीटर पुरे. खोली दुप्पट झाली की आकडाही दुप्पट करा, झाला पुढचा अंदाज.’ हा दावा सध्या बराच फिरतोय. सोपा आहे ना!

आधी मीटरचं बघू. पंप उपसतो ते सगळं भूजल नसतं. धूळ दाबणारे फवारे, ड्रिलिंग, यंत्रं थंड ठेवणं यासाठी वरून सोडलेलं पाणीही संपमध्येच (खाणीतलं पाणी साठवण्याच्या खड्ड्यात) उतरतं आणि पुन्हा मोजलं जातं. उलट काही पाणी पंपापर्यंत पोचतच नाही. थोडं ओल्या कोळशाबरोबर वर जातं, थोडं गोफमध्ये, म्हणजे कोळसा काढून झाल्यावर छत कोसळलेल्या पोकळीत, साठतं, आणि बरंचसं गुपचूप हवेबरोबर निघून जातं. हिशेब करून पाहा. आत येणारी हवा 20 अंशांची, निम्म्या आर्द्रतेची. बाहेर पडणारी 28 अंशांची, बाष्पाने भरलेली. म्हणजे घनमीटरमागे साधारण 18 ग्रॅम पाणी जास्त. पंखा सेकंदाला 100 घनमीटर हवा ओढत असेल, तर दिवसाला सुमारे दीड लाख लिटर! कोरड्या खाणीत हे उपशापेक्षाही जास्त भरू शकतं. म्हणून आवक काढायची तर बाहेर गेलेलं सगळं मिळवा, आत सोडलेलं वजा करा, साठ्यातली वाढ-घट धरा.

आता खोली. दाब वाढतो हे खरं, पण वरच्या भाराने कोळशातल्या भेगा मिटत जातात आणि पारगम्यता, म्हणजे पाणी झिरपू देण्याची क्षमता, कित्येक पटींनी घसरते. खडकातून पाणी किती वाहतं हे सांगणारा डार्सीचा 1856 चा नियम दाबाच्या उताराइतकीच पारगम्यताही मागतो. दावा नेमकी तीच गाळतो. खोल थर उथळ थरापेक्षा कोरडा निघाला तर नवल नको. मात्र लाँगवॉलमागचं (कोळशाची लांबच लांब भिंत सलग कापत पुढे जाण्याची पद्धत) छत कोसळलं की नव्या भेगा पडतात, आणि त्या वरच्या जलधरापर्यंत (पाणी धरून ठेवणाऱ्या थरापर्यंत) पोचल्या तर सगळं गणित बदलतं. शिवाय नव्या भागात सुरुवातीला खडकातला साठा निथळतो, नंतर आवक ओसरते. सुरुवातीचाच आकडा पुढे ओढला तर अंदाज फुगणारच.

मीटर हवंच, त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठलंही मॉडेल कोरडं गणित आहे. पण रोजची आवक एक आणि अचानक घुसणारं पाणी दुसरं. आजच्या झारखंडमधल्या चासनाला कोळसा खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी पाण्याने भरलेल्या जुन्या कामांतून (आधी खोदून सोडलेल्या भागांतून) लोंढा आला, 375 कामगार गेले. तो धोका आदल्या दिवशीच्या उपशात दिसत नाही. त्यासाठी जुन्या कामांचे नेमके नकाशे लागतात आणि पुढे सरकण्याआधी भोकं पाडून खात्री करावी लागते.