व्हेरिएटरच्या नटाला छिन्नी लावणं आता तरी बंद करा!

डोकं फिरतं राव! स्कूटरचं डावं कव्हर उघडायचं, पुढच्या पुलीचा, म्हणजे व्हेरिएटरचा, एक नट सोडायचा, तिच्या आतली 6 गोल वजनं, म्हणजे रोलर, बदलायचे, परत बसवायचं. एवढंच काम. पण जालन्यात बघा, परभणीत बघा, गाडी स्टँडवर लागली की मिस्तरीच्या हातात पहिल्यांदा येतो तो मोठा स्क्रू ड्रायव्हर. तो पुलीच्या पंख्याच्या पात्यात अडकवायचा, दुसरं टोक इंजिनच्या बॉडीला टेकवायचं आणि पान्यावर उभं राहायचं. अरे, ती पाती ॲल्युमिनियमची आहेत! तुटली की पुलीचा तोल गेला, गाडी थरथरणार, वर मागच्या पुलीला जोर पोचवणाऱ्या बेल्टला मिळणारी हवा कमी. काही जण तर प्लग काढून पिस्टनवर रॉड टेकवतात. पिस्टनला भोक पाडून रोलर बदलायचे आहेत का? पुली धरायचा होल्डर मिळतो, काही शे रुपयांत. ज्याचं पोट या कामावर आहे, त्याने तो घेऊ नये याला काय म्हणावं!

सोडताना जी नासाडी होते ती निदान डोळ्यांना दिसते. खरा घात बसवताना होतो, आणि तो महिन्याभराने कळतो.

मागच्या पुलीत जाड स्प्रिंग आहे. ती पुलीचे दोन्ही भाग दाबून धरते, म्हणून बेल्ट मागे वर चढून बसतो आणि पुढे ताणून अगदी शाफ्टला चिकटतो. तशाच ताणलेल्या बेल्टवर पुढची पंख्याची पुली ढकलली की बेल्ट मध्ये चिमटतो. पुली क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या शाफ्टच्या, दात्यांवर पूर्ण बसतच नाही, दोन-चार दात्यांच्या टोकावर लटकते. वरून नट आवळला की हाताला घट्ट लागतो, ठरलेल्या जोरावर वाजणारा टॉर्क पानाही कट्ट वाजतो. घट्ट झालाय तो रबरावर! गाडी चालू झाली, बेल्ट वर सरकला की मधला दाब गेला आणि नट ढिला. मग पुली क्रँकवर डुगडुगते, आधी तिचे दाते जातात, मग क्रँकचे. क्रँक बदलायची म्हणजे अख्खं इंजिन फाडायचं. रोलर बदलायला आलेल्या माणसाच्या गळ्यात इंजिनचं बिल पडतं आणि वर ऐकवतात, "कंपनीचा मालच हलका हो भाऊ."

माल हलका नाही, उस्ताद. मागच्या पुलीचे दोन भाग हाताने फाकवून बेल्ट आत खोल दाबला असता, तर पुढे तो सैल लोंबला असता आणि पुली सुखाने बसली असती. अर्ध्या मिनिटाचं काम! खूणही सोपी आहे. नट सोडण्याआधी क्रँकचे किती आटे नटाच्या बाहेर दिसतात ते बघून ठेवा. बसवल्यावर तेवढेच दिसले पाहिजेत. कमी दिसले तर पान्याला हात लावू नका, परत काढा. आणि हवेच्या गनने नट सोडा हवं तर, पण आवळायला मॅन्युअलमधला टॉर्क आणि हाताचा टॉर्क पानाच पाहिजे. गनला कळत नाही मध्ये बेल्ट आहे का बुश, म्हणजे शाफ्टवरची लोखंडी नळी.

रोलरचा तर वेगळाच गोंधळ. व्हेरिएटर शाफ्टवर चढवताना मागची प्लेट अंगठ्याने दाबून धरावी लागते, नाहीतर एखादा रोलर घरातून निसटून आडवा होतो. मग गाडी पळत नाही, की पुन्हा कार्बुरेटरवर संशय. जुने रोलर एका बाजूने चपटे झालेत का, हेसुद्धा कोणी बोटाने फिरवून बघत नाही.

अपग्रेडच्या नावाखाली तर लूटच आहे. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी दम टाकते म्हटलं की हलके रोलर मारून देतात. हलक्या रोलरने इंजिन जास्त फेरे घेतं, चढ सोपा जातो, हे खरं. पण सपाटीवरही ते फेरे वरच राहतात, पेट्रोल जास्त लागतं, हे कोण सांगणार? एकेक ग्रॅमने उतरून बघायचं असतं. सहाही एकाच वजनाचे पाहिजेत, तीन जुने तीन नवे चालत नाही. वर मागच्या पुलीत आणखी जाड स्प्रिंगही टाकतात. तिने बेल्ट घट्ट धरला जातो, पण बेल्ट तापतोही जास्त. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42 वर, आणि पायाशी 45 किलोचं युरियाचं पोतं. बेल्टला श्वास तरी घेऊ द्या!

आणि ती काळी धूळ. कव्हर उघडलं की क्लच बेलमध्ये, म्हणजे मागच्या पुलीवरच्या वाटीत, बोटभर साचलेली दिसते. सुरुवातीला गाडी थरथरते ती बहुतेकदा तिच्यामुळे आणि वाटीला आतून घासणाऱ्या, चकाकलेल्या क्लच शूमुळे. घासून, पुसून घ्या ना! तिथे ग्रीस कशाला थापता? बेल्ट आणि पुलीच्या तोंडाला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये, बेल्ट घसरतो. पुढे उभं राहून बघा, हाच ग्रीसचा हात ते फडक्याला न पुसता थेट बेल्टला लावतात.