फुकटचा सर्व्हर आणि एका ब्लॉकचा गडगा

मित्र पांगले की त्यांना एकत्र आणायचं काम गावी राहिलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. आमचा एक ठाण्यात, एक पुण्यात, एक मस्कतला आणि मी देवगडात. घराची कौलं शाकारण्यापासून गणपतीच्या माटवीपर्यंत सगळ्यांचे फोन मलाच. त्यामुळे चौघांनी मिळून माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी घरंदारं बांधायचा कॉम्प्युटर गेम खेळायचं ठरलं, तेव्हा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामाईक जग चालवणारा कॉम्प्युटर, कोणी उभा करायचा यावर चर्चाच झाली नाही. "तू गावाक असतस, तुका टायम आसा," ठाणेकराने निकाल दिला. मी घरी बसून नोकरी करतो हे त्याला आजवर पटलेलं नाही.

सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, हे खरं. जावा टाकलं, सर्व्हर चालवला आणि तो लगेच बंद पडला. का, तर आधी करार मान्य करायचा. एरवी आपण काही न वाचता 'मान्य'वर बोट ठेवून मोकळे होतो. इथे नोटपॅडमध्ये फाइल उघडून, 'फॉल्स' खोडून स्वतःच्या हाताने 'ट्रू' लिहावं लागतं. लिहिलं. काळ्या खिडकीत अक्षरं धावायला लागली आणि मला उगाचच इस्रोत नोकरीला लागल्यासारखं वाटलं.

ही नोकरी पोर्ट फॉरवर्डिंगपर्यंत टिकली. राउटरला सांगायचं, बाबा, २५५६५ नंबरच्या दारावर कोणी आलं तर माझ्या लॅपटॉपकडे पाठव. राउटरने मुकाट्याने ऐकलं. तरी मस्कतहून ओरड सुरूच, "मेल्या, सर्व्हर खय गेलो?" शेवटी फायबरची वायर जोडायला येणाऱ्या पोराला विचारलं. त्याने राउटरच्या पानावरचा, १००.६४ने सुरू होणारा पत्ता दाखवला आणि म्हणाला, "दादा, ह्यो तुमचो एकट्याचो नाय." इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. आपल्या आशियाच्या वाट्याचा साठा २०११ सालीच तळाला गेला. म्हणून एकाच पत्त्यामागे कितीतरी गिऱ्हाइकं बसवतात. आतून बाहेर जायला अडचण नाही. बाहेरून मात्र नेमकं तुमच्याच दारात कोणाला येता येत नाही. हे मला एका क्षणात कळलं, कारण आमच्या कलमांचा सातबारा असाच आहे. नावं पानावर मावत नाहीत, आंबे सगळ्यांना पोचतात, आणि बँकेचा माणूस आला तर नक्की कोणाच्या खळ्यात उभं राहावं हे त्याला समजत नाही.

स्वतंत्र पत्त्याला महिन्याला जादा पैसे पडतात. वर्गणी काढूया का, असं ग्रुपवर विचारलं. रियालमध्ये पगार घेणाऱ्यानेच पहिला प्रश्न टाकला, "फुकट खय गावना नाय काय रे?"

गावला. फुकट सर्व्हर देणारी एक साईट मिळाली. मेमरी चिमूटभर. कोणी खेळत नसेल तर सर्व्हर काही मिनिटांत झोपतो आणि त्याला उठवायचं तर रांग. संध्याकाळी रांगेत शेकडो लोक. नंबर लागला की वेळेत 'हो' म्हणायचं, नाहीतर पुन्हा शेवटी. त्यामुळे बाकीचे जेवून-बिवून येतात आणि मी फोन हातात धरून माशांचं कालवण ढवळतो.

खेळातही माझ्या वाट्याला खेळ येत नाही. माइनक्राफ्टमधला अख्खा दिवस वीस मिनिटांचा. पण रात्र लवकर उलटायची तर सगळ्यांनी पलंगावर पडायला हवं, एकजण जरी उभा असला तरी उजाडत नाही. मस्कतवाला नेमका तेव्हा कुकर बघायला जातो. आम्ही तिघे पलंगावर आडवे, बाहेर भुतं घुटमळतायत आणि तो गुहेत पुतळ्यासारखा उभा. मग मी अ‍ॅडमिन म्हणून कमांड मारून सूर्याला उगवायला लावतो. सूर्याचं खातं आता कायमचं माझ्याकडे आहे. त्यातच ठाणेकराने कोंबड्या पाळल्या. फेकलेल्या आठ अंड्यांमागे सरासरी एखाद्यातून पिल्लू निघतं, तर हा माणूस रात्रभर भिंतीवर अंडी फेकत बसला. एवढ्या कोंबड्यांचा हिशेब ठेवता ठेवता चिमूटभर मेमरीचा सर्व्हर धापा टाकायला लागला. "कोंबडे काप," म्हटलं, तर म्हणाला, "श्रावण आसा."

आणि मग गडगा. या खेळातलं जग जवळपास सहा कोटी ब्लॉक, म्हणजे ठोकळे, लांब आणि तेवढंच रुंद. एक ब्लॉक म्हणजे एक मीटर. खऱ्या पृथ्वीचा घेर चार कोटी मीटर आहे, म्हणजे इथे पृथ्वीलाही गुंडाळून उरेल एवढी जागा आणि माणसं चार. तरी पुणेकर आणि ठाणेकर यांनी घरं चिकटून बांधली. पुणेकराने मध्ये दगडी गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला. ठाणेकराचं म्हणणं, गडगा एक ब्लॉक त्याच्या हद्दीत आलाय. पुणेकर म्हणे, तिथे त्याची पहिल्या दिवसापासूनची वहिवाट आहे. दोघांनी एफ थ्री दाबून, आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगणाऱ्या आकड्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. फोटो दोघांचेही खरे होते, पण मुळात हद्द कुठे ठरली होती हे कोणालाच आठवत नव्हतं. मी जाऊन मोजणी केली, मधून एका ब्लॉकची पाणंद सोडून दिली. पाणंदीत दिवा कोणी लावायचा, यावर दोघे अडून बसले. दिवा लागला नाही. अंधार झाल्यावर तिथे क्रीपर, म्हणजे जवळ येऊन फुटणारं खेळातलं भूत, आला आणि गडगा, पाणंद, कोंबड्यांचं अर्धं खुराडं घेऊन फुटला.

आता क्रीपर कोणाच्या बाजूने आला याचा पंचनामा करायला मला बोलावलंय. मेसेजवर मेसेज येतायत, "चालू झालो काय सर्व्हर?" रांगेत माझ्यापुढे अजून बरेच जण आहेत. नंबर लागला तरी मी सांगणार नाहीये.