स्नोप्लाऊ, फी आणि फुकट शिकवणारा मित्र

सप्रेम नमस्कार.

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला आक्षेप असा, की स्की शिकवणे हा माणसाच्या भीतीवर चालणारा धंदा आहे. आपल्याला दोन दिवस स्नोप्लाऊमध्येच, म्हणजे स्कीची टोके जवळ आणि शेपट्या फाकवून वेग आवरण्याच्या पवित्र्यातच, अडकवून ठेवले आणि भरमसाट फी घेतली, आणि हेच काम एखादा जाणकार मित्र एका दुपारी फुकट करू शकला असता. फीविषयीचा आपला राग मला बराचसा मान्य आहे. मित्राविषयीचे म्हणणे मात्र पटत नाही.

उतारावर पहिल्यांदाच उभा राहिलेला माणूस घाबरला की मागे रेलतो. वजन टाचांवर जाते, स्कीची टोके हलकी होऊन बर्फावरची पकड सोडतात आणि स्की वळण्याऐवजी पायांखालून पुढे पळू लागते. वेग वाढतो तशी भीती वाढते आणि माणूस आणखीच मागे जातो. मित्र खालून ओरडतो, "पुढे वाक!" मग शिकणारा कमरेत वाकतो, वजन टाचांवरच राहते. माझ्या बाबतीत अगदी हेच घडले. पुढे एका प्रशिक्षिकेने माझ्याकडे तोंड करून, स्वतः उलटे घसरत, एवढेच विचारले, की नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली जाणवते का? ती टेकली आणि स्की वळली. शिवाय मित्र बहुधा त्याला आवडणाऱ्या उतारावर आपल्याला नेतो. आपल्याला झेपेल असा उतार निवडणे ही शिकवण्यातली अर्ध्याहून अधिक विद्या आहे, आणि फी खरे तर त्या नजरेची असते.

स्नोप्लाऊची तक्रार नवी नाही. हानेस श्नायडर यांनी १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील सांक्ट अँटोन येथे स्की शाळा काढली आणि स्नोप्लाऊपासून पायरीपायरीने समांतर वळणापर्यंत, म्हणजे दोन्ही स्की एकमेकींना समांतर ठेवून घेतलेल्या वळणापर्यंत, नेणारा क्रम जगभर पसरवला. तो क्रम फार रेंगाळतो असे वाटणाऱ्यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत आखूड स्कीपासून सुरुवात करून लांबी वाढवत नेण्याची पद्धत रुजवली. सौम्य उतारावर स्नोप्लाऊ उत्तम ब्रेक आहे. तीव्र उतारावर तो नुसत्या मांड्या जाळतो आणि वेग मात्र आवरत नाही. त्यामुळे आपण दोन दिवस त्यातच राहिला असाल, तर मला उतार चुकल्याची शंका येते.

आता फीविषयी. अमेरिकेतील अनेक ठिकाणी उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्ट आणि स्की शाळा एकाच कंपनीच्या असतात, बाहेरच्या प्रशिक्षकाला तिथे पैसे घेऊन शिकवता येत नाही, आणि गटाकडून जमणाऱ्या रकमेतला लहानसा वाटाच शिकवणाऱ्याच्या हाती पडतो. फ्रान्समध्ये बहुतेक प्रशिक्षक स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करतात. मला ती रीत अधिक न्याय्य वाटते. याहून मला खटकते ते असे, की नवशिक्यांचा वर्ग अनेकदा सर्वांत नव्या, सर्वांत कमी पगाराच्या प्रशिक्षकाकडे सोपवला जातो, जिथे खरे तर सर्वांत मुरलेली नजर हवी. आपला राग तिथे वळवलात तर मी आपल्या बाजूने उभा आहे.

आपला वर्ग किती तीव्र उतारावर झाला आणि गटात किती जण होते, हे कृपया कळवावे. त्यावरून चूक कुठे झाली ते मला अधिक नेमके सांगता येईल.