ॲलन पेज फुटबॉल सोडून वकील झालाच नाही

गेल्या पंधरवड्यात एकच गोष्ट मला तीन ग्रुपांवर आली. आधी मावसभावाकडून, मग सोसायटीच्या ग्रुपवर, शेवटी शाळेच्या बॅचच्या. गोष्ट थोडक्यात अशी: अमेरिकेत ॲलन पेज नावाचा एक धिप्पाड फुटबॉलपटू होता (त्यांचा फुटबॉल, चेंडू हातात घेऊन खेळायचा), लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला एकमेव बचावपटू. शिक्षण जेमतेम. पळण्याच्या नादात वजन घटलं, खेळ संपला, क्लबनं हाकललं. तेहेतिसाव्या वर्षी रस्त्यावर आलेला हा माणूस मग कायदा शिकला आणि गव्हर्नरनं त्याला सर्वोच्च न्यायालयात बसवलं. तात्पर्य, उशीर कधीच झालेला नसतो.

माणूस खरा आहे. क्लबनं काढलं हे खरं, न्यायमूर्ती झाला हेही खरं. पण ही दोन टोकं जोडायला मध्ये जे भरलंय ते जवळपास सगळं चुकीचं आहे. (मी त्याला ‘तो’च म्हणणार. सचिनला आपण ‘ते’ म्हणत नाही.)

‘शिक्षण जेमतेम’ यापासून सुरुवात करू. पेज 1945 साली ओहायोतल्या कँटन गावी जन्मला. नोत्र दाम विद्यापीठाचा संघ 1966 मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला, त्यात तो होता आणि 1967 मध्ये तो तिथूनच राज्यशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच वर्षी व्यावसायिक लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्ज या क्लबनं नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर घेतलं. वाचता न येणारे खेळाडू त्याच्या गोष्टीत आहेत, पण ते दुसरे. 1988 मध्ये कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-दालनात, त्याचा समावेश झाला, तेव्हाच्या भाषणात त्यानं हा प्रसंग सांगितला होता. संघाच्या बैठकीत डावपेचांची वही आळीपाळीनं मोठ्यानं वाचायची होती आणि कॉलेजातून ‘पास’ होऊन आलेल्या काही सहकाऱ्यांना ती वाचता येईना. त्या भाषणात खेळाबद्दल फारसं काही नव्हतं, शाळांबद्दलच होतं. व्यासपीठावर त्याची ओळख करून द्यायलाही त्यानं कुणा कोचला न बोलावता मिनिआपोलिसमधल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. आणि गंमत म्हणजे ज्या इमारतीत हे सगळं चाललं होतं, तिच्या बांधकामावर त्यानं पोरवयात मजुरी केली होती.

आता मुख्य मुद्दा. ‘क्लबनं काढल्यावर कायदा शिकला.’ तारखा पाहा. मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये तो 1975 मध्ये दाखल झाला आणि 1978 मध्ये पदवीधर झाला. व्हायकिंग्जनं त्याला काढलं ते 1978 च्या हंगामात, सहा सामने झाल्यावर. म्हणजे नारळ मिळाला तेव्हा पदवी घरात होती. जानेवारी 1977 मध्ये व्हायकिंग्ज ओकलंड रेडर्सशी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळले, तेव्हा बचावफळीच्या मधोमध उभा असलेला हा माणूस कायद्याचा विद्यार्थी होता. आणि हा त्याचा पहिला प्रयत्नही नव्हता. आधी एका दुसऱ्या लॉ कॉलेजात नाव घालून त्यानं तीन आठवड्यांत सोडून दिलं होतं. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर गोष्ट अजून रंगली असती. पुढे 1979 पासून हंगाम नसेल तेव्हा तो मिनिआपोलिसच्या एका लॉ फर्ममध्ये काम करायचा, आणि हंगामात शिकागोच्या नव्या क्लबकडून क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चाली चालवणारा खेळाडू) पाडायचा. म्हणजे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं असा प्रकारच नव्हता. निदान सहा-सात वर्षं दोन्ही सोबत चाललं होतं.

‘खेळ संपला होता’ यावर जरा थांबावं लागेल, कारण इथे समोरच्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे.

पेज डिफेन्सिव्ह टॅकल. चौघांच्या बचावफळीत मधल्या दोघांपैकी एक. समोर त्याच्याहून जड गडी, पुष्कळदा एकावर दोन. अशा जागी वजन लागतं हे कुठल्याही कबड्डीवाल्याला कळेल. पेजचं वजन सुमारे 110 किलोंवरून शंभरीच्या आसपास आलं होतं. सिगारेट सोडण्यासाठी बायको पळू लागली, तिच्यासोबत हाही पळू लागला आणि त्यालाच ते लागलं. कोच बड ग्रँट यांचं म्हणणं होतं की एवढ्या वजनात त्या जागी निभाव लागायचा नाही. 1968 ते 1976 सलग नऊ वर्षं पेज प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला होता, त्यानंतर एकदाही नाही. हे मान्य करायलाच हवं.

पण पेजचं बळ मुळात वजनात नव्हतंच. चेंडू मागे सरकतो त्या क्षणी समोरचा अजून वाकलेलाच असतो, आणि हा त्याच्या खांद्याशेजारून आत शिरलेला असायचा. धक्का देण्याआधीच निसटलेल्या माणसाला ढकलणार कसं? 1971 मध्ये असोसिएटेड प्रेसनं त्याला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. बचावपटूला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता आणि नंतरही फक्त एकदाच मिळाला, 1986 मध्ये लॉरेन्स टेलरला. (फॉरवर्डमधला ‘एकमेव’ तेवढा काढा.)

काढल्यावर शिकागो बेअर्सनं त्याला शंभर डॉलर भरून उचललं. रस्त्यावर वगैरे कोणी आलं नाही. आणि उचलणारे अडाणी नव्हते: तिथले मुख्य कोच नील आर्मस्ट्राँग (चंद्रावरचे नव्हेत) आणि बचावाचे कोच बडी रायन, दोघंही आधी व्हायकिंग्जकडेच होते. या माणसात काय शिल्लक आहे ते दोघांनी जवळून पाहिलं होतं.

मग शिल्लक होतं का? सॅक मोजू. सॅक म्हणजे हातातून चेंडू सुटायच्या आत क्वार्टरबॅकला आडवं करणं. दोघांनी मिळून पाडला तर प्रत्येकी अर्धा. लीगनं हे अधिकृतपणे मोजायला 1982 मध्ये सुरुवात केली आणि पेज 1981 च्या हंगामानंतर थांबला, त्यामुळे त्याचे आकडे नंतर जुळवलेले आहेत. ते असे: व्हायकिंग्जकडे 160 सामन्यांत 108.5, बेअर्सकडे 58 सामन्यांत 40. भागाकार करा. आधी सामन्यामागे 0.68, नंतर 0.69. ‘संपलेला’ माणूस होता त्याच गतीनं चार हंगाम क्वार्टरबॅक पाडत होता. एकूण सामने 218, पंधरा हंगामांत एकही न चुकवता. आपल्याकडे आयपीएलमध्ये एक हंगाम पूर्ण खेळला तरी ‘फिटनेस’वर लेख येतात.

व्हायकिंग्जकडून तो चार सुपर बोल खेळला आणि चारही हरला. फॉरवर्डमध्ये हे नाही, बहुधा तात्पर्यात बसलं नसावं.

राहिला गव्हर्नर. एक तर ते मिनेसोटा या राज्याचं सर्वोच्च न्यायालय, देशाचं नव्हे. दुसरं, गव्हर्नरनं त्याला तिथे बसवलं नाही. उलट तो गव्हर्नरशी भांडून तिथे पोचला. मिनेसोटात न्यायमूर्ती सहा वर्षांसाठी निवडून द्यायची पद्धत आहे. प्रत्यक्षात रिकामी जागा बहुतेकदा गव्हर्नर भरतो आणि पुढे तोच माणूस निवडून येत राहतो. 1992 मध्ये एका न्यायमूर्तीची जागा निवडणुकीला येणार होती, तर गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी त्यांची मुदत वाढवून निवडणूकच टाळली. पेज तेव्हा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात वकील होता. त्यानं दावा लावला, पेज विरुद्ध कार्लसन. नेहमीचे न्यायमूर्ती बाजूला झाले, तात्पुरतं खंडपीठ बसलं आणि निकाल पेजच्या बाजूनं लागला. निवडणूक झाली, तो जिंकला आणि जानेवारी 1993 मध्ये त्या न्यायालयातला पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाला. पुढे तीनदा पुन्हा निवडून आला. 2015 मध्ये सत्तराव्या वर्षी नियमानं निवृत्त झाला.

नावामुळे मतं मिळाली असतील का? मिळाली असतीलच. पण मतपत्रिकेवर नाव यावं म्हणून आधी कोर्टात जावं लागलं, आणि ते काम नावानं होत नाही.

आणि तो पळण्याचा ‘नाद’. 1979 मध्ये डुलुथची मॅरेथॉन त्यानं पूर्ण केली. खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारा लीगमधला तो पहिलाच. पुढे कित्येक वर्षं मिनिआपोलिस-सेंट पॉलची ट्विन सिटीज मॅरेथॉन त्याच्या घरावरून जायची तेव्हा न्यायमूर्ती महाशय फुटपाथवर उभे असत, अंगाभोवती अजगरासारखा सूझाफोन (बँडमधलं मोठं पितळी वाद्य) गुंडाळून, आणि पळणाऱ्यांसाठी गाल फुगवून तो वाजवत असत.