302 उघडत नाही

आमच्या वसईच्या सोसायटीची मेंटेनन्सची यादी मी वेब पेजवर टाकली आणि तिथेच फसलो. नावावर क्लिक केलं की थकबाकी उघडते, साधी जावास्क्रिप्टची (क्लिकवर पानाकडून काम करून घेणारी भाषा) लिंक, त्यात काय एवढं. पाटील उघडले, वर्तक उघडले, नाईक उघडले. 302 चे डि'सोझा अंकल काही केल्या उघडेनात. अंकल खूश, "बघ, माझं काही बाकीच नाय!"

कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, लाल अक्षरांत बोंब, की कंस बंद केलेला नाही. अरे, समोर दिसतोय की कंस! तासाभराने ट्यूब पेटली. नाव मी सिंगल कोटात (') घालून पाठवत होतो आणि अंकलच्या आडनावात डी नंतर तोच कोट, म्हणजे जावास्क्रिप्टच्या मते नाव तिथेच संपलं, पुढचे सोझा कोण कुठले तिला काय माहीत.

मग कोटाच्या जागी एचटीएमएलचा (पान मांडणारी भाषा) कोड टाकला, '. तरी तेच. कारण एचटीएमएल म्हणजे आमचा गेटवरचा वॉचमन, पार्सल खालीच फोडून बघतो आणि वर उघडंच पाठवतो, त्यामुळे जावास्क्रिप्टच्या हातात पुन्हा नागडा कोट. %27 (लिंकमध्ये चालणारा त्याच कोटाचा कोड) करून बघितलं तर लिंक असल्यामुळे ब्राउझरने ते वर जाताना लिफ्टमध्ये फोडलं. शेवटी कोटाआधी बॅकस्लॅश (\) लावला, म्हणजे जावास्क्रिप्टला खूण, की पुढचा कोट नावातलाच आहे; तो काय असतो हे वॉचमनला माहीतच नाही म्हणून त्याने हात लावला नाही, आणि अंकल एकदाचे उघडले.

त्या खुशीत मी डेटाबेसमध्ये सेव्ह करतानाही बॅकस्लॅश लावून ठेवले (रात्रीचे 2 वाजले होते हो). मग दर सेव्हला कोटाला आणि जुन्या प्रत्येक बॅकस्लॅशलाही नवा बॅकस्लॅश लागत गेला. अंकलचा फोन नंबर बदलला, 1 चे 3 झाले. ईमेल बदलला, 3 चे 7. बिलावर छापून आलं डि\\\\\\\'सोझा. "बाबा रे, माझ्या नावात कुंपण कोणी घातलं?"

ते उपटून होतंय तोवर 704 मध्ये राजेंद्र "राजू" राहायला आले. आख्खी लिंक एचटीएमएलमध्ये राजूला आहेत तसल्याच डबल कोटात, आणि बॅकस्लॅश तर वॉचमनला कळतच नाही, त्यामुळे राजूच्या आधीच त्याने गेट लावून घेतलं.

बायको चहा घेऊन आली, बराच वेळ स्क्रीनकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "पण नाव कशाला पाठवतोस? इथे नावाने कोण कोणाला ओळखतं? 302 चं पाणी गळतं, 704 ची गाडी आडवी. फ्लॅट नंबर पाठव ना."

3 रात्री गेल्या होत्या माझ्या. 5 मिनिटांत झालं.

सकाळी अंकलने क्लिक केलं. 14 महिन्यांचं मेंटेनन्स, व्याजासकट. चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ते कुंपण परत लावता येईल काय रे?"