घट किती?

अजून राग गेला नाहीये म्हणून लिहितोय. ९ व्होल्टच्या ३ बॅटऱ्या, डिस्टिल्ड वॉटर, चांदीच्या दोन तारा, आणि समोर दोन तास मी. कलॉइडल सिल्व्हर! म्हणजे वीज सोडून तारेची चांदी अतिबारीक कणांच्या रूपात पाण्यात उतरवायची. प्यायला नाही हो, नुसती हौस. ते पीत राहिलं तर कातडी निळसर राखाडी होते आणि तो रंग परत जात नाही, बायकोने आधीच दम दिलेला, "निळा झालास तर पंचवटीत नेऊन बसवीन, रामनवमीला तरी कामाला येशील."

पाणी हलकं पिवळसर झालं. मी खूश, कारण चांदीचे १०-२० नॅनोमीटरचे बारीक कण जांभळा-निळा प्रकाश शोषतात म्हणून पाणी पिवळं दिसतं. आता अंधार करून लेझर मारायचा, पाण्यात रेघ उमटली की कण आहेत. टिंडल इफेक्ट.

तेवढ्यात तळमजल्यावरचे अण्णा दारात. "लाइट गेली का रे?"

"नाही अण्णा, चांदी बघतोय."

चांदी म्हटल्यावर अण्णा चपलेसकट आत. उभा जन्म सराफ बाजारात गल्ल्यावर काढलेला माणूस. ग्लास तळहातावर तोलला, एक डोळा बारीक केला.

"तार केवढ्याची?"

"५ ग्रॅम."

"आता किती भरते?"

"अहो मिलिग्रॅममध्ये कमी होते ती."

"म्हणजे घट आहेच! मोडीला आणलीस तर कापून घेईन."

मी लेझर मारला. केसाएवढी फिकट रेघ. अण्णा काही न बोलता किचनमध्ये गेले, नळाचं पाणी भरून आणलं, शेजारी ठेवलं. "यात मार." मारला, तर दोरखंडाएवढी रेघ! "तुझ्यापेक्षा नळाला जास्त चांदी येते की रे!"

बायको हसली. ते जास्त लागलं.

मी समजवायला गेलो की अण्णा, एवढ्या बारीक कणांत व्यास दुप्पट झाला की ६४ पट प्रकाश विखुरतो, त्यामुळे गाळाचे चार मोठे कण माझ्या कोट्यवधी बारक्यांना झाकून टाकतात, आणि चांदी आयन (विद्युतभार असलेले सुटे अणू) होऊन विरघळली असेल तर रेघच नाही, म्हणजे रेघेवरून काहीतरी आहे एवढंच कळतं, कण केवढा ते नाही.

"म्हणजे तुलाही माहीत नाही," अण्णा म्हणाले आणि गेले.

आणि नळात एवढं आहे तरी काय? गंगापूर धरण उशाला, पाणीपट्टी वेळेवर, आणि पावसाळ्यात बादलीच्या तळाशी बोटभर गाळ. त्यावर कुणी लेझर मारत नाही.

सकाळी पार्किंगमध्ये वॉचमनने बाटली पुढे केली, "साहेब, माझ्यात पण चांदी निघते का बघा ना."

लेझर खिशातच होता. निघाली.